बद्द वाजणारी पुंगळी

माझ्या नवऱ्याने आजवर एक डासही मन लावून मारलेला नाही. घरात कोळी निघाला तर हा त्याच्यावर ग्लास उपडा घालतो, खालून पोस्टकार्ड सरकवतो आणि अंगणात सोडून येतो. बाहेर बर्फ असेल तर गराजमध्ये. आणि हाच माणूस दर शनिवारी सकाळी रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या निवडायला जातो. हे मी एकदा महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात बोलून बसले, तर समोरच्या बाईंचा श्रीखंडाचा चमचा हवेतच राहिला. तेव्हापासून कुणी "पुरुषोत्तम वीकेंडला काय करतो गं?" असं विचारलं की मी सरळ "गोल्फ" म्हणून मोकळी होते.

आम्ही ओहायोत डब्लिनला राहतो. पुरुषोत्तम एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो, मी फार्मसीत काम करते. मी साताऱ्याची, तो भंडाऱ्याचा. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, आणि माझ्या सासऱ्यांचं तिथे भांड्यांचं दुकान होतं. सासरे गिऱ्हाइकासमोर प्रत्येक भांड्याला टिचकी मारत. खणखणीत वाजलं तर ते गिऱ्हाइकाच्या हातात, बद्द वाजलं तर तिथल्या तिथे मोडीच्या पिंपात. मग ते भांडं कितीही देखणं असो आणि समोर तालुक्याचा तहसीलदार बसलेला असो. "भिडेखातर दिलेलं भांडं पहिल्या आचेला गळतं," असं ते म्हणायचे. त्यांचा कान पुरुषोत्तमने उचलला. स्वभाव मात्र उचलला नाही, आणि माझं सगळं गाऱ्हाणं तेवढंच आहे.

पुंगळ्यांचा नाद लागला तो यतीनमुळे. यतीन त्याच्या ऑफिसातला. "चल ना यार, एकदा ट्राय तर कर," म्हणत त्याने पुरुषोत्तमला शूटिंग रेंजवर ओढून नेलं. तिथे सगळे समोरच्या कागदी चकत्यांकडे बघत होते आणि आमचे हे जमिनीकडे. बार उडाला की काडतुसातली गोळी जाते, दारू जळून जाते आणि उरते ती पितळेची पुंगळी. ती काँक्रीटवर पडताना खण्ण वाजते. पुरुषोत्तमने दोन-चार आवाज ऐकले आणि भंडाऱ्याचं रक्त उसळलं. "एवढं चांगलं पितळ टाकून देता?" असं तो इंग्रजीत कुणाला तरी विचारत खाली वाकला, तर त्याच पुंगळीसाठी एक म्हातारा आधीच वाकलेला होता. तो म्हातारा म्हणजे हार्लनकाका.

हार्लनकाकांनी आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केल्या. बायको गेल्यापासून ते डब्लिनच्या पलीकडे, प्लेन सिटीला, मक्याच्या शेताला लागून असलेल्या घरात एकटेच राहतात. मी त्यांना काका म्हणते आणि त्यांना ते त्यांच्या नावाचाच एखादा भाग वाटतो. पुरुषोत्तम त्यांना "मिस्टर हार्लन" म्हणतो. हार्लन हे आडनाव नव्हे, असं त्यांनी त्याला पुष्कळदा सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. ते बोलतात अर्थात इंग्रजीत. मी इथे त्याचं मराठी करते आहे, आणि करताना मला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण त्यांचं निम्मं बोलणं माझ्या सासऱ्यांच्या तोंडी शोभलं असतं.

त्यांच्या गराजमध्ये शनिवारी काय चालतं, ते मी कुतूहल म्हणून एकदा बघून आले. मला वाटलं होतं, ठो-ठो असेल काहीतरी. बघते तर दोघे समोरासमोर बसून तांदूळ निवडावेत तशा पुंगळ्या निवडत होते. पायाखाली चेपलेली बाजूला. लोहचुंबकाला चिकटली ती बाजूला, कारण ती पितळेची नाही, नुसता मुलामा आहे. मग बुडावरचा शिक्का बघून एका घराण्याच्या पुंगळ्या एकत्र करायच्या, धुवायच्या, सुकवायच्या आणि अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून उजळायच्या. खरी परीक्षा त्यानंतर. तोंडाला केसाएवढी चीर आहे का, ते उजेडात धरून बघायचं. टोक वाकवलेली तार आत घालून बुडाजवळ खाच लागते का, ते चाचपायचं. पितळ प्रत्येक बाराला ताणलं जातं आणि कडक होतं. कडक झालं की तडकतं. म्हणून चांगल्या पुंगळीचं तोंड तापवून पुन्हा मऊ करायचं. भंडाऱ्याचे कारागीर ठोकलेलं भांडं मधूनमधून भाजतात, तसंच. वाढलेली लांबी कातरायची, आणि शेवटी कापलेल्या तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची. हे शेवटचं काम हार्लनकाकांचं. ते अंगठा फिरवून बघत आणि मान हलवत.

"शंका आली की टाकून द्यायची," त्यांनी मलाही बजावलं. "पुंगळीवर दया करायची नाही. फुटली तर मागे फुटते, आणि मागे कुणाचा तरी चेहरा असतो." आणि नाकारलेली पुंगळी ते पकडीत धरून कचकन चेपत, म्हणजे चुकूनही कुणी ती पुन्हा उचलू नये. तो कचकन आवाज मला फार आवडला. माणसांच्या बाबतीतही अशी सोय हवी होती, असं मी घरी येताना म्हटलं, तर पुरुषोत्तमला ते आवडलं नाही.

हे सगळं कशासाठी, तर अशा पुंगळीत नवी दारू आणि गोळी भरली की पुन्हा काडतूस होतं. त्या काडतुसांनी पुरुषोत्तम कागदाला भोकं पाडतो आणि हार्लनकाकांची नात हरणाच्या शिकारीला जाते. नातीचं नाव टेसा. ती नर्स आहे, तिशीची, धिप्पाड आणि हसरी. ओहायोत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीने हरणं मारायचा आठवडा सुरू होतो, आणि टेसा लहानपणापासून आजोबांनी भरलेलीच काडतुसं घेऊन जाते. दुकानातलं काडतूस तिने कधी रायफलमध्ये घातलेलं नाही. हार्लनकाकांच्या आयुष्यात आता वर्षाचा एवढाच एक सण उरला आहे.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका शनिवारी पुरुषोत्तम घरी आला तो पुंगळ्यांचा डबा घेऊन. दुपारी बघते तर डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरून पुंगळ्या मांडलेल्या, आणि हा एकेक उचलून लाकडावर अलगद टाकून ऐकतोय. खण्ण. खण्ण. खट्.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"मिस्टर हार्लनच्या आहेत. पॉलिश करून देतो म्हणून घेऊन आलो."

"पॉलिश करतोयस की गाणं ऐकतोयस?"

त्याने ती खट् वाजलेली पुंगळी मला खिडकीच्या उजेडात दाखवली. तोंडाला बारीक चीर होती. "ही त्यांनी चांगल्यांत टाकली होती," तो म्हणाला. "आणि हीच एक नाही. त्यांना दिसत नाहीये, रेणू. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मान तिरपी करून बघतात आणि अंदाजाने टाकतात."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू? त्यांनी शिकवलंय मला."

"त्यांनीच शिकवलंय ना, शंका आली की टाक?"

"ते पुंगळीचं. माणसाला कसं सांगतात तोंडावर?"

मग त्याने जे केलं ते बघून मी कपाळावर हात मारला. चिरलेल्या पुंगळ्या त्याने काढून घेतल्या आणि तेवढ्याच स्वतःच्या चांगल्या पुंगळ्या, त्याच शिक्क्याच्या, धार मोडून तयार केलेल्या, त्यांच्या डब्यात घातल्या. हार्लनकाकांना पत्ता नाही, टेसाला पत्ता नाही. पुढे दर वेळी हेच. "पॉलिश करून देतो, मिस्टर हार्लन," म्हणून डबा आणायचा, रविवारी कान लावून बसायचं, अदलाबदल करायची आणि साळसूदपणे परत नेऊन द्यायचा.

"भीड भिकेची बहीण," मी त्याला सुनावलं. "एक दिवस तुला जमणार नाही, आणि त्या दिवशी ती पोरगी डोळा गमावून बसेल."

"मी करून राहिलो ना बरोबर," तो म्हणाला. चिडला की त्याच्या तोंडी नागपूरकडचं बोलणं येतं. "तुला काय त्रास आहे?"

मला त्रास होता. मला राग येत होता, आणि त्या रागाखाली त्याच्याबद्दल मायाही वाटत होती, त्यामुळे नुसतं रागावताही येत नव्हतं.

या वर्षी तो दिवस आला. तुळशीचं लग्न झालं आणि भंडाऱ्याला पुतण्याच्या लग्नाचा मुहूर्त निघाला. माझी रजा संपलेली, म्हणून पुरुषोत्तम एकटाच निघाला. निघण्याआधी तो डबा आणायला गेला तर हार्लनकाका म्हणाले, "तू पोराचं लग्न लाव. या खेपेला सगळं माझं मी करतो." आणि हा शहाणा "ओके, मिस्टर हार्लन" म्हणून परत आला. विमानात बसेपर्यंत मला काही बोलला नाही.

मग हळदीच्या दिवशी त्याचा फोन. मागे बँडवाले जीव तोडून वाजवत होते.

"रेणू, ऐक ना. आज प्लेन सिटीला जाऊन डबा घेऊन ये. म्हण, पुरुषोत्तमनं नवीन पॉलिशचं मशीन घेतलंय, त्यात घालायच्या आहेत."

"घेतलंयस?"

"नाही गं. पण म्हण ना बापा! ते आज-उद्याकडे काडतुसं भरायला घेतील. मी आल्यावर निवडतो."

"तूच फोन करून खरं सांग."

"त्यांना फोनवर ऐकू येत नाही. ओरडून सांगावं लागेल. असलं कोणी ओरडून सांगतं का?"

मी गाडी काढली. खोटं वाटेत पाठ करत गेले, इतकंच काय, मशीनचा रंगसुद्धा ठरवला.

हार्लनकाका गराजमध्येच होते. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत तयार पुंगळ्या ओळीने उभ्या होत्या, भरायचं काम अजून सुरू झालं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढे केलं आणि हातातली पुंगळी उजेडाला धरली. मान इतकी तिरपी केली होती की ते पुंगळीकडे बघतायत की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, ते कळेना. मग त्यांनी समाधानाने ती ठोकळ्यात उभी केली. "या वर्षी टेसाला दाखवतो," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात अजून कसा चालतो, बघ म्हणावं."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. त्यांनी नुकतीच ठेवलेली पुंगळी उचलली आणि टेबलाच्या फळीवर टाकली. खट्. शेजारची टाकली. खण्ण. सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला दुकानात बसवून हे शिकवलं होतं. तेव्हा मला ते सुनेला कामाला लावणं वाटलं होतं.

"काका, ही तडकलेली आहे," मी मोठ्याने म्हटलं.

"काय?"

"तडकलेली आहे! तुम्हाला दिसत नाहीये!"

त्यांनी पुंगळी माझ्या हातातून घेतली आणि नखाने तोंड चाचपलं. चीर नखाला लागली असावी, कारण ते बराच वेळ तिथेच नख ठेवून बसले.

"पुरूला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. तो घरी नेऊन बदलतो. खराब काढतो आणि स्वतःच्या घालतो."

त्यांनी पकड उचलली, ती पुंगळी कचकन चेपली आणि डब्यात टाकली. मग ठोकळ्यातली दुसरी घेऊन सवयीने तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"अलीकडे काहींची धार फार सुरेख मोडलेली लागायची," ते म्हणाले. "मला वाटलं, या वयात माझा हात सुधारला."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही, लपवून करायचं काय, त्यांना दिसणार नव्हतंच. त्यांनीच मला कॉफी करून दिली. निघताना म्हणाले, "त्याला सांग, आला की इकडे ये. पुंगळीवर दया करू नको असं मी त्याला शिकवलं, आणि त्याने माझ्यावर केली. हे मला आवडलेलं नाही."

मी ते शब्दशः भंडाऱ्याला कळवलं. मग पुरुषोत्तम म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं केलंस." आणि थोड्या वेळाने, "आबा असते तर त्यांनी मलाच मोडीत घातलं असतं." आबा म्हणजे माझे सासरे.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तो परतला. बॅगा दारात टाकल्या, लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा डबा काखेत मारला आणि मला घेऊन प्लेन सिटीला निघाला. गराजच्या दारात उभा राहून "सॉरी, मिस्टर हार्लन," एवढंच म्हणाला.

हार्लनकाकांनी ना मान हलवली ना हात पुढे केला. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. टेबलावर ठोकळा रिकामा होता आणि सगळ्या पुंगळ्या एका ताटात ओतून ठेवलेल्या होत्या.

"एकेक वाजव," ते म्हणाले. "तार घालून बघ. खराब असेल तर मला सांग. मी चेपतो."

पुरुषोत्तमने पहिली टाकली. खण्ण. तार फिरवली. "गुड." दुसरी, तिसरी, गुड. मग एक बद्द वाजली. त्याने घसा साफ केला. "आय थिंक, मेबी, धिस वन..."

"काय? मला ऐकू येत नाही."

"इट इज अ लिटल..."

"मोठ्याने!"

"बॅड!" पुरुषोत्तम ओरडला. आमच्या संसारात त्याचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"हं," म्हणत हार्लनकाकांनी हात पुढे केला, पुंगळी घेतली आणि कचकन चेपली.

तिथून पुढे दुपारभर हेच चाललं. हा ओरडत होता, ते चेपत होते, मी लाडू वाटत होते. मधे एकदा पुरुषोत्तमने एका पुंगळीला गुड म्हटलं आणि ते म्हणाले, "नक्की?" त्याने पुन्हा तार घातली, डोळे मिटून बुडाजवळ फिरवली आणि कबूल केलं की खाच आहे. चांगल्या उरलेल्यांची तोंडं हार्लनकाकांनी अंगठ्याने तपासली. दोन पुंगळ्या त्यांनी पुरुषोत्तमला परत दिल्या, धार नीट मोडलेली नाही म्हणून, आणि त्या देताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. काडतुसं दोघांनी मिळून भरली.

शनिवारी टेसा डबा न्यायला आली. आम्ही तिथेच होतो. तिने आजोबांच्या गालाला गाल लावला, झाकण उघडून ओळीने लावलेली काडतुसं बघितली आणि म्हणाली, "आजोबा, दर वर्षी आणखी सुंदर होतायत. कशी करता हो तुम्ही एकट्याने?"

हार्लनकाकांनी तोंड पुरुषोत्तमकडे वळवलं.

आणि माझा नवरा, ज्याने गराज दणाणून सोडलं होतं तो माझा नवरा, दोन्ही हात हलवत हसून म्हणाला, "नो नो, सगळं मिस्टर हार्लनचंच. मी फक्त पॉलिश करतो."

हार्लनकाकांनी टेबलावरची पकड उचलली आणि हवेतच कचकन मिटली.

"बॅड," ते म्हणाले. "परत सांग."

टेसा हसायला लागली, मग आमचे चेहरे बघून थांबली. पुरुषोत्तमने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम लाडवांच्या डब्याकडे बघत राहिले, कारण हे मी एकदा बोलले होते आणि आता ते माझं काम नव्हतं.

"पुंगळ्या मी निवडल्या," पुरुषोत्तम म्हणाला. मग म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "यांना आता दिसत नाही, टेसा. वर्षाच्या वर झालं. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

टेसाने आजोबांचा हात धरला. हार्लनकाकांनी एखादी पुंगळी वाजवून ऐकावी तसं हे सगळं मान तिरपी करून ऐकलं. मग पकड खाली ठेवली.

"गुड," ते म्हणाले, आणि डबा टेसाच्या हातात दिला.